हाताला मुंग्या येतात म्हणजे शुगरच असेल असं नाही

मा. संपादक साहेब,

नमस्कार. पत्र जरा लांब झालंय, जागा नसेल तर कापा, पण मधला आकड्यांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी कोल्हापुरात फाउंड्रीत कामाला आहे, सव्वीस वर्षं झाली. पहिली अकरा वर्षं फेटलिंगला स्वतःच्या हातानं काम केलं आणि आता फेटलिंगचाच सुपरवायझर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, साच्यातनं कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू ओतून केलेला भाग, बाहेर आलं की त्याला रनर-रायझरचे म्हणजे धातू ओतायच्या वाटेत गोठलेले जास्तीचे तुकडे लटकलेले असतात, जोडावर पापुद्र्यासारखी फिन आलेली असते, कोपऱ्यात वाळू भाजून चिकटलेली असते, ते सगळं चिपिंग गन (हवेच्या दाबानं छिन्नीवर ठोके मारणारं मशीन) आणि ग्राइंडरनं काढून साफ करायचं म्हणजे फेटलिंग. ट्रॅक्टरचं नाहीतर पंपाचं कास्टिंग तुम्हाला गुळगुळीत दिसतं ते असं कुणाच्यातरी हाताखालनं गेलेलं असतं म्हणून.

दरवर्षी ४ मार्चला आमच्याकडे सेफ्टी डे होतो, सगळीकडेच होतो. बॅनर लागतं, शपथ घेतली जाते, पोरं घोषवाक्याच्या स्पर्धेत बक्षिसं घेतात. हेल्मेट, गॉगल, बूट, कानात प्लग, मास्क, सगळ्यावर बोलणं होतं आणि ते पाहिजेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत एकदाही मी कुणा पाहुण्याच्या तोंडून ऐकलं नाही की बाबांनो, ही गन दिवसभर हातात धरता, तुमच्या बोटांचं काय होतंय. ग्राइंडरच्या डिस्कनं बोट कापलं तर आमच्याकडे पळापळ होते, रिपोर्ट होतो, मीटिंग होते. तेच बोट पाच-दहा वर्षं थरथरून आतनं मेलं तर कुठं एका कागदावर येत नाही.

माझंच सांगतो. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांना नीट कळत नाही. खिशात हात घालून एक रुपया कुठला आणि दोन रुपये कुठला हे मला न बघता सांगता येत नाही. घरी फॅनचा नट बसवायला घेतला, लहानच नट, दोन बोटात धरून बोल्टच्या आट्यावर चढवायचा, तो चार वेळा खाली पडला आणि शेवटी मुलीनं बसवला. मुलगी हसली, मीपण हसलो, पण रात्री बराच वेळ झोप लागली नाही. रात्रीचं तर वेगळंच असतं, दोन-अडीचला हात पार बधिर होऊन जाग येते, मग उठून हात झटकत बसायचं, कॉटच्या खाली लोंबकळत सोडायचा, तेव्हा कुठं मुंग्या उतरतात. बायकोला वाटायचं हार्टचं काहीतरी आहे, डावा हात म्हणून.

मग दवाखाने झाले. पहिल्यांदा शुगर बघितली, नॉर्मल. मग मानेचा एक्स-रे, तिथं म्हणाले मणक्यात थोडी झीज आहे, वयानुसार असतेच, पट्टा वापरा. मग बी ट्वेल्वची इंजेक्शनं झाली. तीन ठिकाणी गेलो आणि तिघांनीही चांगलंच तपासलं, वाईट बोलायचं नाही मला, पण तिघांपैकी एकानंही विचारलं नाही की तुम्ही काम काय करता. म्हणजे केसपेपरवर ‘नोकरी’ लिहिलेलं होतं, तेवढंच. चौथ्या डॉक्टरांनी विचारलं, आणि नुसतं विचारलं नाही तर गन कशी धरता ते हातात पेन देऊन करून दाखवायला लावलं. मी उजव्या हातात हँडल आणि डाव्या हातात छिन्नी असं दाखवलं. ते म्हणाले, मग डावाच हात का दुखतो ते तुम्हीच सांगितलंत की.

ही छिन्नीची गोष्ट जे गन चालवतात त्यांना लगेच कळेल. चिपिंग गनला हँडल एकच, छिन्नी मोकळी असते, ती जागेवर राहावी म्हणून सगळेजण डाव्या हातानं छिन्नीच पकडतात. म्हणजे उजव्या हाताला मशीनचे हादरे बसतात आणि डाव्याला थेट छिन्नीचे, जिथं ठोका बसतो तिथलेच. आणि हे काही आज कळलेलं नाही. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यात बेडफर्ड म्हणून गाव आहे, चुनखडीच्या दगडाच्या खाणींचं, तिथल्या दगड घडवणाऱ्या कामगारांना ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी जाऊन तपासलं. ती माणसं हवेवर चालणारा हातोडा वापरायची, उजव्या हातात हातोडा, डाव्या हातात छिन्नी. थंडीच्या सकाळी त्यांची बोटं मेणासारखी पांढरी पडायची, टोचलं तरी कळायचं नाही, आणि जास्त करून डाव्या हाताची. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली याला. आम्ही अजून तशीच छिन्नी तशाच हातात धरतोय.

आत नेमकं काय होतं ते डॉक्टरांनी मला सोप्या भाषेत सांगितलं ते असं, की सततच्या थरथरीनं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, थंडी लागली की त्या एकदम आवळतात आणि रक्तच पोचत नाही म्हणून बोट पांढरं पडतं, मग ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकतं. दुसरं म्हणजे बारीक नसा मरतात, तिथनं मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली होणं हे सुरू होतं. तिसरं, मनगटातनं जाणारी मोठी नस दाबली जाते ते वेगळंच दुखणं, त्याचं ऑपरेशन तरी करता येतं. पहिल्या पायरीवर म्हणजे नुसत्या येऊन-जाऊन मुंग्या असताना काम बदललं तर बरंचसं सुधारू शकतं. पुढं गेलं की गेलं, नसा काही गोळीनं परत येत नाहीत.

आणि इथंच आपल्याकडचा एक घोटाळा आहे. पुस्तकात या आजाराचं नाव पांढरं बोट असं आहे, कारण पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. आपल्यासारख्या गरम हवेत बोट पांढरं पडलेलं फार दिसतच नाही, आपल्याकडे मुंग्या आणि बधिरपणा हेच जास्त. त्यामुळं पांढरं बोट नाही म्हणजे तो आजार नाही असं होऊन बसतं. माझीही बोटं वर्षात दहा-बारा दिवसच पांढरी पडतात, डिसेंबर-जानेवारीत फर्स्ट शिफ्टला पहाटे मोटरसायकलवर जाताना, पंचगंगेच्या पुलावर जी थंडी लागते ना तिथं. गेटवर उतरलो की क्लच सोडलेला हात उघडता येत नाही. आणि त्याच गारठलेल्या हातात पोरं पाचव्या मिनिटाला गन घेतात. आमच्याकडे मी एक साधी गोष्ट चालू केली, थंडीत पहिली दहा मिनिटं गनला हात लावायचा नाही, कोमट पाण्याची बादली ठेवलीय, हात बुडवा, चोळा, चहा घ्या, मग कामाला लागा. पहिल्यांदा सगळ्यांनी चेष्टा केली, हळदीला बसवलाय काय म्हणून. आता बादली भरलेली नसेल तर मलाच शिव्या पडतात.

आता आकडे. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, विशीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कुठल्याही चांगल्या कंपनीचं ग्राइंडर, ड्रिल, ब्रेकर घ्या, बॉक्समध्ये जी माहितीची पुस्तिका असते आणि जी आपण बॉक्ससकट फेकून देतो, त्यात व्हायब्रेशनचा आकडा छापलेला असतो, मीटर पर सेकंद स्क्वेअर असा. युरोपमध्ये २००२ सालापासून नियम आहे की आठ तासांच्या हिशेबानं हा आकडा २.५ च्या वर गेला की मालकानं उपाय सुरू केलेच पाहिजेत, आणि ५ च्या वर माणसाला जाऊच द्यायचं नाही. ब्रिटनमध्ये हेच सोपं करून पॉइंटवर आणलंय. टूलचा आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, दोननं गुणा, तेवढे पॉइंट एका तासाला. दिवसाला १०० झाले की सावध, ४०० झाले की टूल खाली ठेवा.

यात खरी मेख त्या वर्गात आहे. ५ चं टूल आठ तास चाललं की ४०० होतात. १० चं टूल दोन तासांत ४०० करतं. २० चं टूल अर्ध्या तासात. म्हणजे थरथर दुप्पट झाली की वेळ निम्मा नाही, पाव होतो! हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नसतं, आम्हाला वाटतं जड मशीन म्हणजे जरा जास्त दमणूक, एवढंच.

मग मी काय केलं, आमच्या एका गड्याचं काम मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजलं. ट्रिगर दाबला की चालू, सोडला की बंद. त्याला स्वतःला वाटत होतं की तो सात तास मशीन चालवतो. निघालं साडेतीन तास, बाकीचा वेळ कास्टिंग उचलणं, उलटवणं, डिस्क बदलणं, क्रेनची वाट बघणं. त्यातले तीन तास सात इंची ग्राइंडर आणि अर्धा तास गन. ग्राइंडरचा आकडा ७ धरला तर तासाला ९८, तीन तासांचे २९४. गनचा १५ धरला, जुन्या गनला तेवढा काही जास्त नाही, तर तासाला ४५०, अर्ध्या तासाचे २२५. बेरीज ५१९. अर्ध्या तासाच्या गननं तीन तासांच्या ग्राइंडरची जवळजवळ बरोबरी केली बघा. मग उपाय कागदावरच दिसला, गन एकाच माणसाकडं ठेवायची नाही, ती सगळ्यांत वाटायची आणि ग्राइंडरवाल्यानं दुपारनंतर व्हायब्रेशन नसलेलं काम घ्यायचं, तपासणी, पेंटिंग, पॅकिंग. तोच गडी आता ३०० च्या आसपास असतो. १०० च्या खाली नाही आलेला, ते मला माहीत आहे, पण ५१९ पेक्षा बरा.

हे सगळं एका गोष्टीवर येऊन अडतं आणि ती म्हणजे पीस रेट. ठेकेदाराकडची पोरं नगावर काम करतात. नग जास्त काढला तर पैसा जास्त, मग तो जेवणाची सुट्टीपण अर्धीच घेतो, रोटेशन कर म्हटलं तर म्हणतो साहेब माझा हप्ता तुम्ही भरणार काय. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. बाविसाव्या वर्षी हात दुखत नाही, हप्ता दुखतो. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की गन आणि ग्राइंडरच्या कामाला नगावर रेट ठेवूच नये, ठेवायचाच तर गनच्या मिनिटांना वरची मर्यादा घालून ठेवावा. हे लिहिल्यावर काही मालक मंडळी माझ्यावर चिडतील, चिडू देत.

आणि मालकांना एक त्यांच्या फायद्याचंही सांगतो. फेटलिंगचं दुखणं फेटलिंगमध्ये सुरू होत नाही, ते मोल्डिंगमध्ये, म्हणजे वाळूचा साचा बनवतात तिथं सुरू होतं. साच्याच्या बॉक्सचे दोन भाग जुळवणाऱ्या पिना आणि बुश झिजलेले असतात, वरचा आणि खालचा बॉक्स नीट बसत नाही, मग जोडावर जाड फिन येते आणि ती जाड फिन काढायला माझा माणूस जास्त वेळ गन चालवतो. आमच्याकडे एका पंपाच्या कास्टिंगला असंच होतं, मेंटेनन्सच्या मागं लागून पिना-बुश बदलून घेतले, फिन एवढी बारीक यायला लागली की गन लागेचना, ग्राइंडरचा एक हात फिरवला की काम झालं. डिस्क वाचली, वेळ वाचला, हात वाचले. एवढ्याशा पिनांसाठी तीन महिने भांडत होतो मी.

हातमोज्यांचं सांगतो कारण सगळे तिथंच येऊन थांबतात. व्हायब्रेशनचे म्हणून जाड जेलचे मोजे मिळतात, महाग असतात, ते दिले की आपली जबाबदारी संपली असं वरच्यांना वाटतं. ते बारीक, वेगवान थरथर थोडीफार अडवतात, पण गन आणि ब्रेकरचे जे दणके असतात त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि मोजा जाड झाला की पकड येत नाही म्हणून माणूस आणखी आवळून धरतो, म्हणजे उलटं. मोजे घाला, जरूर घाला, हात गरम राहतात, खरचटत नाही. पण मोजे घातले म्हणून दोन तासांचं चार तास करू नका.

त्यापेक्षा फुकटातल्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत. मशीन आवळून धरायचं नाही, पक्षी धरल्यासारखं धरायचं, असं मला आमच्या जुन्या मामांनी शिकवलेलं, सुटूही नये आणि मरूही नये. दाबायचं नाही, डिस्क कापते, आपण नाही. ग्राइंडरचं साइड हँडल काढून टाकायची जी खोड आहे ती सोडा, मी रोज दोन-तीन हँडल कपाटामागनं शोधून आणतो. डिस्क खाली पडलेली असेल, एका बाजूनं झिजली असेल, डिस्क पकडून ठेवणारी फ्लँज वाकडी असेल तर मशीन नाचतं आणि ते नाचणं सरळ तुमच्या हाताला लागतं, शिवाय पडलेली डिस्क फुटायची भीती वेगळीच. स्वस्तातल्या डिस्कमध्ये चार रुपये वाचतात आणि बॅलन्स जातो. छिन्नी बोथट झाली की धार लावून घ्या, बोथट छिन्नीनं दुप्पट वेळ लागतो. डाव्या हाताला छिन्नी धरावीच लागते तिथं छिन्नीवर चढवायची रबराची पकड मिळते, ती मागवा. हवेच्या गनची वापरून झालेली गार हवा बाहेर पडते ती बोटांवर येत असेल तर तोंड फिरवून घ्या, दिवसभर बोटांवर बर्फ ठेवल्यासारखं असतं ते. आणि विडी, सिगारेट, तंबाखू. याच्यावर मी बोललो की पोरं तंबाखू मळत-मळतच ऐकतात, काय करणार, पण निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात हे खरं आहे आणि ज्याची बोटं आधीच उपाशी आहेत त्यानं वर तंबाखूचा बार भरायचा म्हणजे अवघड आहे.

हे फक्त फाउंड्रीचं आहे असं समजू नका. रस्ता फोडणारे ब्रेकरवाले, फ्लॅटचं रिनोव्हेशन करणारे टाइल फोडणारे, मार्बल कटरवाले, लाकूड कापणारे चेन सॉवाले सगळे यातच आले. आणि आता गावाकडं बघा, कोकणात काजू-आंब्याच्या बागेत, आपल्याकडं उसाच्या बांधावर, खांद्याला अडकवायचं ग्रास कटर घरोघरी झालंय. पावसाळ्यात दोन-दोन महिने भाड्यानं गवत मारणारी पोरं आहेत, पेट्रोलच्या टाकीवर पैसे घेतात, ओल्या गार हातानं दिवसभर. ब्लेडला दगड लागून दात गेलेला असतो तरी तसंच फिरवतात. त्यांच्यावर तर सुपरवायझरपण नाही.

शेवटी कायद्याचं. कारखाने कायदा १९४८ चा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी सुरक्षा-आरोग्याचा नवीन लेबर कोड आला, आणि दोन्हींच्या तिसऱ्या परिशिष्टात जे आजार डॉक्टरनं सरकारला कळवलेच पाहिजेत त्यांची यादी आहे. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजानं येणारं बहिरेपण आहे. हाताच्या व्हायब्रेशनचं नाव त्यात नाही. नाव नाही म्हणून कळवायचं नाही, कळवलं नाही म्हणून मोजलं जात नाही, मोजलं नाही म्हणून आहे कुठं असा प्रश्न आम्हालाच विचारतात. आमच्या वार्षिक मेडिकलमध्ये कान तपासतात, फुप्फुसं फुंकायला लावतात, डोळे, रक्त, लघवी सगळं होतं आणि बोटांना कुणी हातसुद्धा लावत नाही. ब्रिटनमध्ये १९८५ साली हा आजार कामामुळं होणाऱ्या आजारांच्या यादीत घातला, आणि पुढं तिथल्या कोळसा खाणीतल्या लाखावर कामगारांनी भरपाईचे दावे केले. यादीत नाव असलं की काय होतं ते त्यावरनं दिसतं. नवीन कोडच्या यादीत भर घालायला सरकारला अधिसूचना पुरते, तर आमच्या आमदार-खासदारांपैकी कुणीतरी हा एक ओळीचा प्रश्न विचारावा.

आणि तोपर्यंत डॉक्टर मंडळींना विनंती, तुमच्या पेपरात बरेच डॉक्टर लिहितात म्हणून तुमच्यामार्फत करतो. तीस-पस्तिशीचा माणूस हाताच्या मुंग्या घेऊन आला तर शुगर बघा, मान बघा, पण त्याआधी त्याला विचारा की हातात काय धरतोस, कुठल्या हातात, आणि दिवसात किती वेळ. आमच्याकडचा एकजण, वय एकोणतीस, गेल्याच महिन्यात मानेचा पट्टा लावून कामाला आला आणि पट्टा लावूनच गनवर उभा राहिला.

माझं आणि कंपनीचं नाव छापू नका साहेब, अजून आठ वर्षं नोकरी आहे. कुणाला तो पॉइंटचा हिशेब पाहिजे असेल तर मी एका पानाचा तक्ता मराठीत हातानं लिहून काढलाय, आमच्या फेटलिंगच्या भिंतीवर लावलाय, त्याचा फोटो पत्रासोबत पाठवतोय. जागा असेल तर छापा. अक्षर थोडं वाकडं आलंय, ते समजून घ्या.

आपला,
एक फेटलिंग सुपरवायझर, कोल्हापूर